हल्ली काय वाचलं: काही कादंबऱ्या, काही कॉमिक्स

गेले काही महिने एक कादंबरी संपली की एक कॉमिक, मग परत कादंबरी, असं आलटून पालटून वाचन चाललंय. यादी वगैरे करून नाही, हाताला लागलं ते, कुणी सुचवलं ते. आता ही सगळी पुस्तकं डोक्यात एकत्र जमा झालीयत आणि त्यातली कुठली पिच्छा सोडत नाहीत हे बघायला गेलं तर एक गोष्ट फार स्पष्ट दिसतेय, ती म्हणजे जी जी डोक्यात राहिलीयत त्या प्रत्येकात लेखकाने काहीतरी सांगायचं मुद्दाम टाळलंय आणि ते भरून काढायचं काम माझ्यावर सोडलंय. कॉमिक्समध्ये तर ही जागा चक्क डोळ्यांना दिसते, दोन चौकटींच्या मधे ती पांढरी पट्टी असते ना, तिथे. स्कॉट मॅक्लाउडचं १९९३ चं 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' आहे, कॉमिक्स कसं चालतं हे समजावणारं पुस्तक आणि तेही अख्खं कॉमिकच्याच रूपात, त्यात त्याने याचं एक झकास उदाहरण दिलंय. एका चौकटीत एक माणूस कुऱ्हाड उगारून दुसऱ्याच्या मागे लागलाय, पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि आभाळात नुसती किंकाळी. मधला घाव कुठेच काढलेला नाही, तो वाचकाने घातला. हे वाचल्यापासून मी कादंबऱ्याही तशाच वाचायला लागलेय, इथे पट्टी कुठे आहे, इथे मला काय करायला लावलंय.

म्हणून कॉमिक्स तासाभरात वाचून होतात असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. अक्षरं वाचून होतात, चित्रं वाचायची राहतात.

आधीच सांगते, 'रणांगण'चा शेवट फोडणार नाही, पण बाकीच्या पुस्तकांतलं थोडंफार फुटेल.

तर 'रणांगण'. विश्राम बेडेकर, १९३९. ते साल नीट लक्षात ठेवा कारण पुस्तकाचं निम्मं वजन त्या सालात आहे. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली एक बोट, तिच्यावर चक्रधर नावाचा मराठी तरुण, आधीच्या प्रेमभंगाने आतून कडवट झालेला, आणि हॅर्टा, हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी. तो मुंबईला उतरणार, ती पुढे जाणार, म्हणजे त्यांच्याकडे वेळ आहे तो फक्त बोट बंदराला लागेपर्यंतचा. एवढीच गोष्ट आणि छोटंसंच पुस्तक, पण मला ते सलग वाचवलं नाही, सारखं बाजूला ठेवावं लागत होतं.

हॅर्टासारखी ही बोटीवरची ज्यू माणसं चीनकडे का निघालीयत हे पुस्तकात कुणी समोर बसवून समजावत नाही, म्हणून मग मी त्या काळाबद्दल वाचलं. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडली, प्रार्थनास्थळं जाळली, हजारो लोकांना उचलून छळछावण्यांत टाकलं, त्यानंतर ज्याला जमेल तो बाहेर पडायला बघत होता आणि बहुतेक देश दार उघडायला तयार नव्हते. शांघाय हे असं बंदर होतं की जिथे व्हिसाशिवाय उतरता यायचं, त्यामुळे जवळपास २० हजार ज्यू निर्वासित तिकडे पोचले, त्यातले कितीतरी इटलीहून सुटणाऱ्या बोटींनी, सुएझ, मुंबई, कोलंबो असं करत करत. म्हणजे मुंबई त्यांच्या वाटेवरचं एक बंदर होतं! एवढं कळल्यावर मी पहिली काही पानं परत वाचली आणि ती वेगळीच लागली. या लोकांना किनाऱ्याची ओढ वाटत नाही, किनारा आला की त्यांचं पुढचं काय हा प्रश्न येतो, आणि हे बेडेकरांनी कुठेही भाषण न करता नुसत्या डेकवरच्या हालचालीतून आणलंय, कोण कुणाशी बोलतं, कोण एकटं कठड्याशी उभं राहतं, यातून.

आणि यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे हे सगळं घडत असतानाच लिहिलेलं पुस्तक आहे. गॅस चेंबर अजून पुढे होते, बेडेकरांना ते माहीत असणं शक्य नव्हतं, चक्रधरला माहीत नाही, हॅर्टाला माहीत नाही, आणि वाचणाऱ्या आपल्याला मात्र सगळं माहीत आहे. त्यामुळे एखाद्या साध्या संध्याकाळच्या प्रसंगातसुद्धा घशात काहीतरी अडकतं. लेखकाने सोडलेली जागा एक आणि पुढच्या इतिहासाने उघडून ठेवलेली जागा दुसरी, दोन्ही आपणच भरायच्या. मराठीत १९३९ साली कुणीतरी इतक्या जवळून हे बघून लिहिलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो आणि शाळा कॉलेजात एकाही वर्षी हे पुस्तक हातात कसं पडलं नाही याचं वाईटही वाटतं.

चक्रधर मला आवडला का, तर नाही. तो बायकांबद्दल जे बोलतो ते ऐकून कितीदा तरी त्याला गदागदा हलवावंसं वाटतं, आणि हॅर्टा इतकी उघडी, इतकी सरळ की त्याच्या प्रत्येक थंडपणाचा आपल्यालाच त्रास होतो. पण बेडेकर त्याला वाचवत नाहीत, त्याची बाजू मांडून देत नाहीत, तो जसा आहे तसा समोर उभा करतात. माणूस सिनेमातला, दिग्दर्शक, त्यामुळे प्रसंग कुठे कापायचा याचं भान जबरदस्त, भांडण रंगात आलंय असं वाटतं आणि प्रकरण संपलेलं असतं. शेवटाकडे हॅर्टाची पत्रं येतात, त्याबद्दल काही बोलत नाही, ती तुमची तुम्हीच वाचा.

यानंतर लगेच 'माउस' घेतलं, आर्ट स्पीगलमनचं कॉमिक, त्याच्या ज्यू आईवडिलांनी हिटलरच्या काळात जे भोगलं त्याचं, आणि हा क्रम इतका बरोबर जुळला की कुणाला ही दोन्ही वाचायची असतील तर याच क्रमाने वाचा असं मी सांगेन. पहिला भाग १९८६ चा, दुसरा १९९१ चा, १९९२ मध्ये पुलित्झरवाल्यांनी त्याला खास पारितोषिक दिलं. ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरं, पोलिश लोक डुकरं, अमेरिकन कुत्रे. हे असं ऐकलं की वाटतं फारच सोपी आयडिया आहे, पण वाचायला लागलं की कळतं की तो ती आयडिया दर दहा पानांनी स्वतःच मोडतोय. व्लादेक आणि आन्या, म्हणजे आर्टचे आईवडील, लपतछपत रस्त्यावरून चाललेत, पोलिश असल्याचं सोंग घेऊन, म्हणून त्यांनी डुकराचे मुखवटे घातलेत आणि मुखवट्याची दोरी मागे बांधलेली स्पष्ट दिसते. व्लादेकचं सोंग बेमालूम वठलंय. आन्याच्या कोटाखालून मात्र तिचं उंदराचं शेपूट बाहेर लोंबतंय. कोणी काही बोलत नाही त्याबद्दल, नुसतं शेपूट काढलंय. तिचा चेहरा ज्यू दिसायचा, तिला पकडलं जायची भीती जास्त होती, हे सगळं त्या एका शेपटात आलं, आणि ते मला दुसऱ्यांदा बघताना दिसलं, पहिल्यांदा मी अक्षरांच्या मागे पळत होते.

अजून एक जागा दाखवायचीच आहे. आर्ट वडिलांना विचारतो की ऑशविट्झच्या छळछावणीत कैद्यांचा बँड वाजायचा, त्याबद्दल सांगा ना, कारण त्याने ते वाचलेलं असतं, त्याची नोंद आहे. वडील म्हणतात, मला काही बँड आठवत नाही, आम्ही नुसते चालत जायचो आणि पहारेकरी ओरडत असायचे. आता चित्रकाराने काय काढावं? एका चौकटीत तो बँड काढतो, वाजवणारे उभे आहेत आणि पुढून कैदी चाललेत. पुढच्या चौकटीत, वडिलांनी नाही म्हटल्यावर, चालणाऱ्या कैद्यांनी बँड झाकून टाकलाय, पण नीट बघितलं तर त्यांच्या डोक्यांवरून वाद्यांची टोकं अजून दिसतायत. मी या पानावर किती वेळ थांबले असेन. कागदपत्रं एक म्हणतात, ज्याने भोगलं तो दुसरं म्हणतो, आणि मुलगा दोघांनाही खोटं न पाडता दोन्ही एका चित्रात ठेवतो. कादंबरीत हे करायचं तर किती शब्द लागले असते, आणि तरी ती वाद्यांची टोकं आली नसती.

'माउस'बद्दल लोक बोलताना छळछावणीबद्दलच जास्त बोलतात, मला मात्र त्यातलं न्यूयॉर्कमधलं म्हातारपण तितकंच हलवून गेलं. व्लादेक गोळ्या मोजत बसतो, रस्त्यात पडलेली वायर उचलून आणतो, दुसऱ्या बायकोला पैशावरून छळतो, मुलाला दमवतो. ज्याने एवढं भोगलं तो माणूस संत होऊन बाहेर पडेल अशी आपली एक आत कुठेतरी अपेक्षा असते, आणि पुस्तक ती अपेक्षा पुरी करत नाही. आन्याने १९६८ मध्ये आत्महत्या केली, तिच्या डायऱ्या व्लादेकने जाळून टाकल्या, म्हणजे या एवढ्या मोठ्या पुस्तकात तिची बाजू कायमचीच गायब आहे, कुणीही कितीही चित्रं काढली तरी ती येणार नाही. पहिला भाग या डायऱ्यांच्या बातमीवरच संपतो आणि आर्ट बापाला खुनी म्हणतो. हॅर्टाला निदान पत्रं तरी मिळाली, आन्याला काहीच नाही, हे दोन पुस्तकं पाठोपाठ वाचल्यामुळे फारच लागलं.

अमेरिकेत टेनेसीमधल्या एका काउंटीच्या शाळा मंडळाने २०२२ मध्ये हे पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं, कारण काय तर शिव्या आणि एक उघडं शरीर. मला आठवीतल्या मुलांच्या हातात हे पुस्तक नक्की द्यावंसं वाटतं, सोबत बसून वाचावं, पण द्यावं.

मग जरा वेगळं काही म्हणून शॉन टॅनचं 'द अरायव्हल' (२००६) उघडलं तर तिथेही बोट! या पुस्तकात एकही वाचता येण्यासारखा शब्द नाही. एक माणूस बायको आणि मुलीला मागे ठेवून परक्या देशात जातो, एवढंच, सगळं जुन्या तपकिरी फोटोंसारखं रंगवलेलं. त्या देशात पाट्या आहेत, कागद आहेत, नकाशे आहेत, पण लिपी टॅनने स्वतः बनवलीय, ती कुणालाच येत नाही. म्हणजे तो माणूस जितका अडाणी झालाय तितकीच मी पण, तो पाटीकडे बघतो तशी मी पण बघते. ही कल्पना इतकी चपखल आहे की शब्द टाकले असते तर पुस्तक पडलंच असतं.

त्यातलं एक डबल पान फक्त ढगांचं आहे. छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात वेगळा ढग, बस. प्रवास किती लांबला हे सांगायला तारखा नाहीत, काही नाही, डोळे एकेका ढगावरून जातात आणि तेवढ्यात दिवस गेलेले असतात. आणि एका म्हाताऱ्याची गोष्ट येते युद्धाची, ती नुसत्या पावलांत आहे, फुलांवरून चाललेले बूट, मग चिखल, मग पडझड, आणि परत येताना एक पाय आणि कुबडी. त्याच्या शत्रूचा चेहरा दाखवलेला नाही, लढाई कुठली, कशासाठी, काही नाही. मला वाटतं त्यामुळेच ती कुठल्याही लढाईची होते.

एकच तक्रार आहे. त्या नव्या देशात सगळेच चांगले भेटतात. रस्ता दाखवणारा चांगला, खाऊ घालणारे चांगले, प्रत्येकजण आपली दुःखाची कहाणी सांगतो आणि मदत करतो. नकोसं बघणारं, हाकलणारं कुणी नाही. वाचताना बरं वाटतं, डोळे भरून येतात, पण हॅर्टा आणि व्लादेक डोक्यात ताजे असताना हा देश जरा जास्तच प्रेमळ वाटला.

'पर्सेपोलिस'वर माझं मत दोन तुकड्यांत आहे. हे मार्जान सात्रापीचं स्वतःच्या आयुष्यावरचं कॉमिक, ती इराणची, १९७९ ची क्रांती झाली तेव्हा दहाएक वर्षांची, आणि पहिला अर्धा भाग त्या वयाच्या नजरेतून आहे, तो अफाट आहे. जाड काळं पांढरं, करड्या रंगाची छटासुद्धा नाही. लढाईच्या काळात शेजारच्या घरावर क्षेपणास्त्र पडतं, ती धावत घरी येते, आणि ढिगाऱ्यात तिला मैत्रिणीची बांगडी दिसते, अजून कशाला तरी अडकलेली. ती कशाला अडकलीय हे चित्रात नाही. ती डोळे झाकते आणि शेवटची चौकट पूर्ण काळी, आत काहीच नाही. मी त्या काळ्या चौकोनाकडे बघत बसले आणि जे तिने काढलं नाही ते मला दिसत राहिलं, मॅक्लाउडची कुऱ्हाड ती हीच.

दुसऱ्या अर्ध्यात ती व्हिएन्नाला जाते आणि तिथे मात्र पुस्तकाचा सूर बदलतो. घरं बदलली, मित्र बदलले, प्रियकर आला गेला, रस्त्यावर दिवस काढले, सगळं एकामागोमाग एक येतं आणि प्रत्येक चौकटीच्या वर एक ओळ आहेच, मला असं वाटलं, मग मी असं केलं. पहिल्या भागात चित्र आणि वाक्य एकमेकांशी झुंजायचे, इथे चित्र वाक्याची री ओढतं. ज्या मैत्रिणीने मला हे पुस्तक दिलं तिला नेमका हाच भाग जास्त जवळचा वाटतो, ती म्हणते एकटेपणा असाच तुटक असतो आणि आठवतो पण तसाच. आमचं यावर एकमत झालेलं नाही. तेहरानला परतल्यावर पुस्तक परत सावरतं हे दोघींना मान्य.

कादंबऱ्यांकडे येते. सचिन कुंडलकरची 'कोबाल्ट ब्लू', २००६ ची. घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या मुलाच्या प्रेमात भाऊ पण पडतो आणि बहीण पण. पहिला भाग तनयचा, त्या निघून गेलेल्या मुलाशी बोलल्यासारखा, दुसरा अनुजाचा, डायरीसारखा. त्या मुलाला नावच नाही. दोघं त्याच्याबद्दल भरभरून बोलतात आणि तरी तो हाताला लागत नाही, दोघांच्या सांगण्यातला तो एकच माणूस आहे का असंही मधेच वाटतं. तनयचा भाग हळवा, सुंदर, पण मला अनुजा जास्त आवडली, ती मोडते, सावरते, स्वतःवर चिडते आणि उभी राहते, तिच्या वाक्यांना कणा आहे. भाऊबहीण या विषयावर एकमेकांशी कधी मोकळेपणी बोलत नाहीत, आणि ते न झालेलं बोलणं वाचणारा ऐकत राहतो. मोठी कादंबरी नाही, विषयाचा गाजावाजा न करता लिहिलीय, आणि इतक्या वर्षांनंतरही शिळी झालेली नाही.

'घाचर घोचर' मात्र नुसती आवडली असं म्हणता येत नाही, ती अंगावर आली. विवेक शानभाग यांची मूळ कन्नड कादंबरी, मी इंग्रजी अनुवादातून वाचली. एक निम्नमध्यमवर्गीय कुटुंब, काकाचा मसाल्याचा धंदा अचानक जोरात चालतो आणि सगळे एका झटक्यात श्रीमंत होतात. पैसा आणणारा काका, त्यामुळे त्याच्या पुढेमागे सगळं घर, त्याला काही लागू नये, त्याला कुणी त्रास देऊ नये. निवेदक म्हणजे या घरातला मुलगा, त्याला कामच नाही, तो कॉफी हाउसमध्ये बसून असतो. वाचताना पहिली कितीतरी पानं असं वाटतं की हा साधा, जरा हसरा कौटुंबिक किस्सा आहे.

त्यात मुंग्यांचा भाग आहे. जुन्या छोट्या घरात मुंग्या यायच्या आणि घरच्यांचं त्यांच्याशी युद्ध चालायचं. आधी नाइलाज म्हणून मारायचे, मग रागाने, आणि मग हळूहळू मारण्यात मजा यायला लागते, मुंगी चिरडल्याचं समाधान मिळायला लागतं. लेखक यावर एक अक्षर टिप्पणी करत नाही, पुढे निघून जातो. नंतर एक बाई दारात येते, काकासाठी डब्यात काहीतरी करून आणलेलं असतं, आणि घरातल्या बायका तिला जे काही बोलतात ते वाचून मला मुंग्या आठवल्या, लेखकाने आठवण करून न देता. नवी सून अनिता तेवढी बोलते, हे चूक आहे म्हणते. आणि मग अनिता गावाला गेलेली असते, घरात गप्पा चालू असतात, आणि शेवटच्या पानांत आपल्याला एकदम कळतं की आपण कशाची वाट बघतोय. काही घडतं का? पुस्तकात लिहिलेलं नाही. मी शेवटचं पान वाचून परत मागे गेले की काही सुटलं का, सुटलं नव्हतं, ते माझ्याच डोक्यात तयार झालं होतं. एवढीशी कादंबरी आणि एकही मारहाणीचा प्रसंग न दाखवता इतकी भीती, हे कसब मला या सगळ्या ढिगाऱ्यात सगळ्यात वरचं वाटलं, 'माउस'च्या शेजारी ठेवीन.

'भीमायन' (२०११) बद्दल लिहिताना मला जरा हात आखडता घ्यावा लागतोय कारण चित्रांवर माझं निखळ प्रेम बसलंय. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम हे परधान गोंड चित्रकार, त्यांनी बाबासाहेबांची गोष्ट काढलीय आणि चौकटीच ठेवल्या नाहीत. पान मोकळं, त्यातून गोंड नक्षीच्या पट्ट्या वळत जातात आणि त्याच पान विभागतात. जे माणुसकीने बोलतात त्यांच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि जे डसतात त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. म्हणजे वाचायच्या आधीच कळतं की आता लागणार आहे. १९०१ चा प्रसंग घ्या, लहानगा भीम भावंडांबरोबर वडिलांकडे निघालाय, मसूर स्टेशनवर उतरतात, वडिलांना पत्र पोचलेलं नाही, जात कळल्यावर गाडीवान गाडी द्यायला तयार नाहीत, शेवटी दुप्पट पैसे देऊन पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि वाटेत पाणी मिळत नाही. हा प्रसंग माहीत असूनही, त्या पानांवर जिकडे तिकडे पाणी, मासे, प्राणी काढलेले आणि पोरांच्या घशाला कोरड, हे बघताना पोटात तुटतं.

पण या गोष्टीला बाहेरून एक आवरण आहे, आजच्या काळातले दोघं बसस्टॉपवर बोलतायत, आरक्षणाला नावं ठेवणारा तरुण आणि त्याला समजावणारी बाई, आणि ती बाई त्याला एकेक गोष्ट सांगते. मला कळतं हे का केलंय, असे तरुण आहेत आणि त्यांनी हे वाचायला हवं. तरी वाटतं की व्यामांच्या चित्रांनी जे सांगून झालंय ते परत वाक्यात सांगायची गरज नव्हती, विंचवाची नांगी दिसली होती की. चित्रकार माझ्यावर विश्वास टाकतात, बसस्टॉपवरचं बोलणं टाकत नाही.

आता इतका वेळ न सांगण्याचं कौतुक केलं आणि 'बेअरफूट गेन' त्याच्या पार उलट आहे, हेही लिहिलं पाहिजे. केइजी नाकाझावाची ही मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, १९७३ पासून जपानमध्ये मुलांच्या साप्ताहिकात यायला लागली. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा नाकाझावा स्वतः तिथे होता, सहा वर्षांचा, वडील, बहीण आणि धाकटा भाऊ त्या दिवशी गेले. या पुस्तकात काहीही झाकलेलं नाही. सगळे ओरडतात, रडतात, मारामाऱ्या करतात, डोळे मोठे, तोंडं उघडी, घराखाली अडकलेली माणसं आणि जवळ येणारी आग सगळं समोर, चौकटीमागून चौकट. दोन चौकटींमधे मला काही करायला शिल्लकच ठेवलेलं नाही, आणि इथे ते बरोबर आहे असं मला ठामपणे वाटतं. ज्याने सहाव्या वर्षी हे बघितलं त्याने आवाज खाली ठेवून सांगावं अशी मागणी करणारे आपण कोण? गेनचा बाप युद्धाच्या विरोधात उघड बोलतो म्हणून शेजारीपाजारी त्या घराला वाळीत टाकतात, हा बॉम्बच्या आधीचा भाग तर फारच ताकदीचा आहे, आपल्याच सरकारवर इतकं चिडलेलं मुलांचं कॉमिक मी दुसरं वाचलेलं नाही. पुढचे खंड वाचायचेत, दहा आहेत, सलग वाचायची माझी तयारी नाही, मधे श्वास लागतो.

सध्या जो सॅकोचं 'पॅलेस्टाइन' चालू आहे. हा पत्रकार, १९९१-९२ च्या हिवाळ्यात दोनेक महिने तिथे फिरला आणि बातमीऐवजी कॉमिक काढलं. सुरुवातीला फार गर्दी वाटते, मजकुराचे तुकडे तिरके, पानभर विखुरलेले, कुठून कुठे वाचायचं कळत नाही, पण गल्लीत, टॅक्सीत, चहाच्या ग्लासांच्या मधे तो जिथे जिथे बसतो तिथला गोंगाटच तसा आहे हे थोड्या वेळाने लक्षात येतं. आणि मग एका कैद्याच्या चौकशीचं प्रकरण येतं, डोक्यावर पोतं घालून बसवून ठेवलेला माणूस, आणि जसजसे दिवस जातात तसतशा पानावरच्या चौकटी बारीक होत जातात, आधी मोजक्या, मग डझनभर, मग त्याहूनही जास्त, आणि मधली पट्टी पांढरी नाही, काळी. त्याला झोपू देत नाहीत हे वाचायच्या आधी मलाच कोंडल्यासारखं झालं होतं. अर्धं राहिलंय अजून, संपलं की त्याच्यावर वेगळं लिहिते.